सरकारी अनुदान ते पेटंट आणि परवाना: विद्यापीठात नव्याने रुजू झालेल्या प्राध्यापकासाठी

सहायक प्राध्यापक म्हणून रुजू झालात. प्रयोगशाळा म्हणून एक टेबल, दोन कपाटं आणि गळका नळ वाट्याला आला. आता संशोधनासाठी पैसा आणायचा आहे, आणि जमलंच तर त्यातून निघालेलं काहीतरी उद्योगापर्यंत पोचवायचं आहे. हे टिपण राज्य विद्यापीठांच्या विभागांत किंवा संलग्न महाविद्यालयांत विज्ञान-अभियांत्रिकी शिकवणाऱ्यांसाठी आहे. आयआयटी किंवा आयसरमध्ये असाल तर यातली निम्मी कामं तिथलं संशोधन कार्यालयच उरकतं.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की धरा. अनुदान तुम्हाला मिळत नाही, संस्थेला मिळतं. मंजुरीपत्रावर प्रकल्प प्रमुख म्हणून तुमचं नाव असतं, पण खातं संस्थेचं, उपकरण संस्थेचं, पेटंटही संस्थेचं. पुढे येणारे बहुतेक घोळ हे विसरल्यामुळे होतात. म्हणून रुजू झाल्याच्या पहिल्याच महिन्यात लेखा विभागात प्रकल्पांचे हिशेब कोण बघतं ते शोधून काढा आणि ओळख करून घ्या.

## १. कोणत्या दाराशी उभं राहायचं ते ठरवा

केंद्राचा विद्यापीठीय संशोधनाचा मुख्य दरवाजा आता अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन, म्हणजे एएनआरएफ. २०२३ च्या कायद्याने ते स्थापन झालं, फेब्रुवारी २०२४ मध्ये कायदा अमलात आला आणि जुनं एसईआरबी, म्हणजे विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ, त्यात विलीन झालं. २०२३ ते २८ या पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपयांचा अंदाज मांडला आहे, त्यातला ३६,००० कोटींचा वाटा सरकारबाहेरून, म्हणजे उद्योग आणि देणगीदारांकडून यायचा आहे. प्रस्तावात उद्योगाशी नातं दाखवायला का सांगतात, ते या आकड्यांवरून कळतं.

नव्या माणसासाठी सोयीची योजना म्हणजे पंतप्रधान अर्ली करिअर रिसर्च ग्रँट: तीन वर्षांसाठी ६० लाखांपर्यंत, संस्थेचा वरखर्च वेगळा. वयाची आणि रुजू झाल्यापासूनच्या काळाची अट असते. ती त्या-त्या जाहिरातीतच वाचा, मागच्या वर्षीच्या पीडीएफवर विसंबू नका. जरा मुरलेल्यांसाठी अ‍ॅडव्हान्स्ड रिसर्च ग्रँट आहे. ‘पेअर’ या योजनेत वरच्या क्रमांकाची संस्था केंद्रस्थानी आणि राज्य विद्यापीठं तिच्याभोवती जोडलेली असतात. त्यात एकट्याने अर्ज करता येत नाही, आपलं विद्यापीठ जोडलेलं आहे का ते कुलसचिव कार्यालयात विचारा. ‘महा’ नावाची मोहीमही आहे, तिचा महाराष्ट्राशी काही संबंध नाही. विद्युत वाहनांसारख्या मोठ्या विषयांवर अनेक संस्थांनी मिळून करायची ती कामं.

जीवशास्त्रात असाल तर जैवतंत्रज्ञान विभाग, वैद्यकीय विषय असेल तर आयसीएमआर, समाजशास्त्रं असतील तर आयसीएसएसआर. राज्याच्या पातळीवर राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोग आहे. महाराष्ट्रातल्या एखाद्या प्रश्नाशी, पाण्याशी, पिकाशी, स्थानिक उद्योगाशी जोडलेला प्रस्ताव असेल तर तिथे तो ऐकून घेतला जाण्याची शक्यता जास्त. मोठी उपकरणं पूर्ण विभागासाठी हवी असतील तर केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची, म्हणजे डीएसटीची, फिस्ट योजना बघा. तो अर्ज विभागाच्या नावाने जातो, विभागप्रमुखांशिवाय त्यात पाऊल टाकता येत नाही.

एकच प्रस्ताव दोन ठिकाणी पाठवायचा असेल तर तसं दोन्हीकडे लिहून कळवा. लपवाल तर मंजुरीनंतर उघडं पडतं, आणि तेव्हा संस्थेचं नावही खराब होतं.

## २. जाहिरात निघण्याआधी हे कागद तयार ठेवा

जाहिरात निघाल्यापासून शेवटची तारीख साधारण महिन्याभरावर असते आणि त्यातच दोन रविवार, एक परीक्षा आणि प्राचार्यांचा दौरा येतो. म्हणून हे आधीच जमवा:

- संस्थाप्रमुखांच्या सहीचं शिफारसपत्र, दिलेल्या नमुन्यातच. स्वतःच्या लेटरहेडवर ‘जवळपास तसंच’ लिहिलेलं चालत नाही.
- नियमित पदावर असल्याचा पुरावा, रुजू झाल्याची तारीख आणि निवृत्तीची तारीख. सह-प्रमुख वरिष्ठ असतील तर त्यांची निवृत्ती प्रकल्पाच्या तीन वर्षांत येते का ते बघा.
- संस्थेचा पीएफएमएस (सरकारी निधी वाटण्याची आणि त्याचा हिशेब ठेवण्याची केंद्राची ऑनलाइन प्रणाली) क्रमांक, पॅन आणि टॅन (करकपातीचा क्रमांक).
- माणसांवर प्रयोग असतील तर नैतिकता समितीची, प्राण्यांवर असतील तर प्राणी नैतिकता समितीची, जनुकीय बदल केलेले जीव असतील तर जैवसुरक्षा समितीची मंजुरी. अशी समिती तुमच्या महाविद्यालयात नसेल तर शेजारच्या संस्थेशी करार करायला दोन-तीन महिने धरा.
- मोठ्या उपकरणांची ताजी कोटेशनं.
- आधीच्या प्रकल्पांची, तुमच्याच नव्हे तर संस्थेच्याही, यूसी, म्हणजे पैसे कशावर खर्चले ते सांगणारी उपयोगिता प्रमाणपत्रं, थकली नसल्याची खात्री. निवृत्त झालेल्या एखाद्या प्राध्यापकांचं १२ वर्षांपूर्वीचं उपयोगिता प्रमाणपत्र राहिलेलं असतं आणि त्यापायी तुमचा हप्ता अडतो.

उपकरण मागण्याआधी आय-स्टेम पोर्टलवर बघा. सरकारी पैशातून घेतलेली देशभरातली उपकरणं तिथे नोंदवलेली असतात. तेच यंत्र २० किलोमीटरवर उपलब्ध दिसलं तर परीक्षक हमखास विचारतात. अशा वेळी यंत्राऐवजी नमुने तपासण्याचं शुल्क मागितलेलं बरं. प्रस्तावही हलका होतो आणि यंत्र सांभाळायची जबाबदारीही टळते.

## ३. अंदाजपत्रक: प्रस्ताव इथेच बिघडतो

विज्ञानाचा भाग तुम्हाला येतो, तो सांगायची गरज नाही. अंदाजपत्रकात मात्र भले भले चुकतात.

एक जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन छात्र, ठेवायचा आहे असं समजा. जानेवारी २०२३ पासून दर महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी एसआरएफ (वरिष्ठ छात्र) झाल्यावर ४२,०००. त्यावर घरभाडे भत्ता. पुण्या-मुंबईत तो ३० टक्के धरला तर पहिली दोन वर्षं महिन्याला ४८,१०० आणि तिसऱ्या वर्षी ५४,६०० होतात. तीन वर्षांचे झाले १८,०९,६००. बरेच जण ३७,००० गुणिले ३६ करून १३,३२,००० लिहितात आणि तिसऱ्या वर्षी पावणेपाच लाखांचा खड्डा पडतो. तो भरून द्यायला कोणी येत नाही. छोट्या शहरात भत्ता कमी बसतो, तेव्हा आपल्या गावाची श्रेणी बघून आकडा टाका. जेआरएफला नेट किंवा गेटसारखी पात्रता लागते हेही विसरू नका. तालुक्याच्या गावी तसा उमेदवार मिळत नसेल तर प्रोजेक्ट असोसिएट मागा.

आता उपकरण. विक्रेत्याने स्पेक्ट्रोफोटोमीटरचे आठ लाख सांगितले. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एक लाख ४४ हजार. प्रस्तावात ९.४४ लाख जायला हवेत. पूर्वी संशोधन संस्थांना पाच टक्के सवलतीचा जीएसटी होता. जुलै २०२२ मध्ये ती सवलत गेली, पण जुन्या प्रस्तावांची नक्कल करणारे अजून पाच टक्केच धरतात. परदेशी यंत्र असेल तर डॉलर वधारण्याची शक्यता, विमा, विमानतळावरून आणणावळ हेही धरा. संस्थेची डीएसआयआरकडे, म्हणजे केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभागाकडे, नोंदणी असेल तर सीमाशुल्कात सवलत मिळते. मात्र त्या प्रमाणपत्राची मुदत संपलेली असेल तर यंत्र विमानतळावरच अडकतं आणि रोजचं गोदामभाडं चढत राहतं. नोंदणीची तारीख आजच बघून ठेवा.

यंत्राबरोबर यूपीएस, वातानुकूलन, थ्री-फेज जोडणी, वायूच्या टाक्या आणि हमी संपल्यावरचा देखभाल करार लागतो. या गोष्टी यंत्राच्या किमतीत मोडत नाहीत, त्या वेगळ्या मागाव्या लागतात. खोलीची डागडुजी तर अनुदानात बसतच नाही, ती संस्थेकडून लेखी कबूल करून घ्या.

भांडवली (यंत्रं) आणि आवर्ती (विद्यावेतन, रसायनं वगैरे चालू खर्च) ही खर्चाची दोन शीर्षं वेगळी असतात. यंत्र स्वस्तात मिळालं म्हणून उरलेल्या पैशांतून रसायनं आणता येत नाहीत, त्यासाठी आधी परवानगी लागते. तेव्हा रसायनांचा आकडा हात आखडता घेऊन लिहू नका.

## ४. मंजुरीपत्र आलं. आता बँक.

पूर्वी धनादेश यायचा, तो बचत खात्यात पडायचा, त्यावर व्याज साचायचं. आता केंद्राच्या बहुतेक योजनांत पैसा प्रत्यक्ष तुमच्या संस्थेच्या खात्यात येऊन बसत नाही. योजनेने ठरवून दिलेल्या बँकेत संस्थेच्या नावाने शून्य शिल्लक खातं उघडायचं, ते पीएफएमएसवर जोडायचं, मग त्या खात्यावर खर्चाची मर्यादा चढते. बिल तयार झालं की त्या मर्यादेतून थेट विक्रेत्याला रक्कम जाते.

याचे परिणाम नीट समजून घ्या. ३१ मार्चला न वापरलेली मर्यादा परत जाते. पुढच्या वर्षी ती पुन्हा मिळते, पण यूसी गेल्यावर आणि नव्या आदेशानंतर, म्हणजे एप्रिल ते जून-जुलै तुमच्या हातात काहीच नसतं. जेआरएफचं विद्यावेतनही याच काळात थकतं. संस्थेकडून ते आगाऊ मिळेल का, हे डिसेंबरमध्येच विचारून ठेवा आणि पुढच्या जूनपर्यंत पुरेल इतकी रसायनं मार्चआधी आणून ठेवा.

पीएफएमएसवर एकजण रक्कम भरतो आणि दुसरा ती मंजूर करतो. दोघांच्या डिजिटल सह्या लागतात. मंजूर करणारे अधिकारी बदलून गेले की नव्यांची सही नोंदवेपर्यंत सगळं ठप्प होतं. संलग्न महाविद्यालयात प्राचार्य बदलले की हे नक्की घडतं, आणि तेही बहुधा फेब्रुवारीत.

## ५. खरेदी

केंद्राच्या अनुदानाला सामान्य वित्तीय नियम २०१७ लागतात. त्याच्यावर विद्यापीठाचे स्वतःचे खरेदी नियम असतात. दोन्हींत जो कडक तो पाळायचा, म्हणजे लेखापरीक्षणात त्रास होत नाही.

पहिलं ठिकाण जेम, म्हणजे सरकारी खरेदीचं पोर्टल. हवी ती वस्तू तिथे मिळत असेल तर तिथूनच घ्यायची. मिळत नसेल तर ‘उपलब्ध नाही’ असा अहवाल पोर्टलवरून काढून फाइलला लावायचा, मग बाहेर जायचं. हा एक कागद नसला तर लेखापरीक्षक पूर्ण खरेदीवर आक्षेप काढतात.

बाहेरच्या खरेदीच्या मर्यादा केंद्राने जून २०२५ मध्ये वैज्ञानिक विभागांसाठी आणि त्यांच्या संस्थांसाठी वाढवल्या: कोटेशनशिवाय थेट खरेदी एक लाखावरून दोन लाखांपर्यंत आणि खरेदी समितीमार्फत २५ लाखांपर्यंत. हे ऐकून लगेच धावू नका. राज्य विद्यापीठात हे आकडे आपोआप चालत नाहीत. तुमच्या वित्त व लेखाधिकाऱ्यांनी ते स्वीकारले आहेत का, ते लेखी विचारा. तोंडी ‘हो हो, चालतं’ फाइलला लावता येत नाही.

फाइलमध्ये क्रमाने काय काय असावं: मागणीपत्र, तांत्रिक तपशील, जेमचा अहवाल, कोटेशनं, तुलनात्मक तक्ता, खरेदी समितीचं इतिवृत्त, खरेदी आदेश, बिल, माल पोचवल्याचं चलन, भांडार नोंदवहीचा पान क्रमांक आणि यंत्र बसवून मिळाल्याचा अहवाल.

नेहमीचे सापळे असे. तांत्रिक तपशील एका कंपनीच्या माहितीपत्रकातून जसाच्या तसा उतरवलेला असतो. दुसरा विक्रेता तक्रार करतो आणि निविदा रद्द होते. तपशील लिहिताना मॉडेलचं नाव नको, तुम्हाला काय मोजायचं आहे आणि किती अचूक, ते लिहा. खरोखरच एकच कंपनी ते यंत्र बनवत असेल तर तसं प्रमाणपत्र, कारणासह, स्वतः सही करून द्यायची सोय नियमांत आहे. ती वापरा, पण फक्त खरी असेल तेव्हाच. दुसरा सापळा म्हणजे एकाच मागणीचे तुकडे. साडेचार लाखांची काचसामग्री दीड-दीड लाखांच्या तीन बिलांत, एकाच विक्रेत्याकडून, एकाच आठवड्यात. नियमांनी हे स्पष्ट मना केलं आहे आणि तारखा बघून कोणालाही कळतं. तिसरा: तीन कोटेशनं एकाच माणसाने तीन लेटरहेडवर आणून दिलेली, तिन्हींत स्पेलिंगची तीच चूक. विक्रेता म्हणतो, ‘सर, मी सगळं करून देतो.’ त्याला नम्रपणे नाही म्हणा, आक्षेप निघाल्यावर उत्तर तुम्हालाच द्यायचं असतं.

यंत्र आलं की त्यावर प्रकल्पाचा क्रमांक रंगवा किंवा चिकटवा, जडवस्तू नोंदवहीत चढवा. तुम्ही नोकरी बदललीत तर यंत्र सोबत नेता येत नाही. निधी देणाऱ्याची आणि दोन्ही संस्थांची लेखी संमती असेल तरच ते हलतं.

## ६. उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजेच यूसी

नमुना क्रमांक जीएफआर १२-ए. दर आर्थिक वर्षाला वेगळं आणि भांडवली-आवर्ती वेगवेगळं. सोबत खर्चाचं विवरणपत्र. वर्ष संपल्यावर लगेच एप्रिलमध्ये लेखा विभागाच्या सहीचं द्या, शेवटचं मात्र लेखापरीक्षित लागतं.

त्यात आकडे असे बसले पाहिजेत: सुरुवातीची शिल्लक अधिक या वर्षी मिळालेलं, अधिक व्याज असेल तर व्याज, वजा प्रत्यक्ष खर्च, बरोबर अखेरची शिल्लक. मागच्या वर्षाची अखेरची आणि या वर्षाची सुरुवातीची शिल्लक रुपयाने जरी वेगळी निघाली तरी प्रमाणपत्र परत येतं. बहुतेकदा कारण असतं बँकेने कापलेलं शुल्क किंवा हजारांच्या पटीत पूर्ण करून लिहिलेले आकडे. पैसे-रुपये जसेच्या तसे लिहा.

मागवलेलं पण न आलेलं यंत्र खर्चात धरायचं नाही. तो बांधील खर्च, तो वेगळ्या रकान्यात जातो. आगाऊ रक्कम दिली असेल तर तीही खर्च नव्हे. व्याज मिळालं असेल तर ते भारत सरकारच्या संचित निधीत भारतकोष पोर्टलवरून भरायचं आणि पावती जोडायची. हे व्याज ‘आपल्याच खात्यातलं’ समजून वापरणाऱ्यांना पाच वर्षांनी पत्र येतं.

## ७. प्रबंध, पोस्टर, ‘आविष्कार’: आधी पेटंट अर्ज, मग बोलणं

संशोधनातून काही नवं निघालं. उद्योगाला उपयोगी पडेल असं वाटतंय. आता तुमच्याकडून सगळ्यात महाग चूक होण्याची वेळ आहे: लोकांना सांगून टाकण्याची.

भारतात पेटंटसाठी शोध अर्जाच्या तारखेपर्यंत जाहीर झालेला चालत नाही. अमेरिकेत वर्षभराची सवलत असते, ती ऐकून इथेही तशीच असेल असं अनेकांना वाटतं. आपल्या कायद्याच्या कलम ३१ मध्ये १२ महिन्यांची सूट आहे, पण ती अगदी अरुंद: सरकारने अधिसूचित केलेलं प्रदर्शन, किंवा विद्वत्सभेपुढे वाचलेला निबंध आणि त्या सभेने छापलेलं इतिवृत्त, एवढ्यापुरतीच. साध्या नियतकालिकातला लेख तिच्यात बसेल या भरवशावर राहू नका.

जाहीर होणं म्हणजे काय काय? शोधनिबंध, परिषदेतलं पोस्टर, सारांशांची पुस्तिका, प्रीप्रिंट, विभागाच्या संकेतस्थळावरची बातमी, यूट्यूबवरचं व्याख्यान. शोधगंगेवर, म्हणजे विद्यापीठीय प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारावर, चढलेला प्रबंधही. आपल्याकडचा खास धोका म्हणजे ‘आविष्कार’, राज्यातल्या विद्यापीठांची संशोधन स्पर्धा. विद्यार्थी उत्साहाने प्रतिकृती मांडतो, आकृतीसह पोस्टर लावतो, येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावून सांगतो, पारितोषिक घेतो, वर्तमानपत्रात छायाचित्र येतं. मग जानेवारीत कोणीतरी म्हणतं, याचं पेटंट घेऊ या. स्पर्धेच्या नोंदणीचा अर्ज भरतानाच मार्गदर्शक म्हणून तुम्ही विचारायला हवं होतं.

त्यावर उपाय साधा आहे. स्पर्धेच्या किंवा परिषदेच्या आधी तात्पुरता तपशील, म्हणजे प्रोव्हिजनल अर्ज, भरून टाका. त्यात दावे, म्हणजे संरक्षण नेमकं कशाला हवं ते सांगणारी कलमं, लागत नाहीत. तारीख मिळते आणि पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. पण दोन ओळींचा पोकळ अर्ज उपयोगाचा नाही, जे लिहिलंच नाही त्याला ती तारीख लागत नाही. प्रमाणं, तापमानं, आकृत्या, चालणारे पर्याय, सगळं घाला. प्रबंध आधीच तयार असेल तर तो पेटंट अर्ज होईपर्यंत शोधगंगेवर चढवू नये, अशी लेखी विनंती विद्यापीठाला करा.

## ८. अर्ज आणि शुल्क

मुंबईचं पेटंट कार्यालय महाराष्ट्र आणि गोव्यासह पश्चिम-मध्य भारताचं काम बघतं. अर्ज ऑनलाइनच करा. सप्टेंबर २०२१ पासून शैक्षणिक संस्थांना शुल्कात ८० टक्के सवलत आहे, त्यासाठी नमुना २८ आणि संस्था कोणत्या कायद्याखाली स्थापन झाली त्याचा पुरावा जोडावा लागतो. सवलतीनंतरचे ऑनलाइन दर असे:

- नमुना १ आणि २, म्हणजे अर्ज व तपशील: १,६०० रुपये. ३० पानं आणि १० दावे यात येतात, पुढे दर पानाला १६० आणि दर दाव्याला ३२०.
- नमुना ९, लवकर प्रसिद्धीसाठी: २,५००. हा दिला नाही तर १८ महिन्यांनी प्रसिद्धी होते.
- नमुना १८, परीक्षणाची विनंती: ४,०००. सरकारी किंवा सरकारी अनुदानावर चालणाऱ्या संस्थांना जलद परीक्षण मागता येतं, तो नमुना १८-ए: ८,०००.
- नमुना ३ (परदेशी अर्जांची माहिती) आणि ५ (शोधकांची घोषणा): शुल्क नाही, पण राहिले तर त्रास. पेटंट एजंटमार्फत जात असाल तर नमुना २६ (अधिकारपत्र).

परीक्षणाची विनंती आपोआप होत नाही. मार्च २०२४ नंतरच्या अर्जांसाठी ती ३१ महिन्यांच्या आत करायची असते, त्याआधी ही मुदत ४८ महिन्यांची होती. मुदत चुकली की अर्ज मागे घेतला असं धरलं जातं. ‘पेटंट प्रसिद्ध झालं’ म्हणून विभागात पेढे वाटणाऱ्यांनी ही ओळ दोनदा वाचावी: प्रसिद्धी म्हणजे मंजुरी नव्हे. पहिल्या परीक्षण अहवालाला सहा महिन्यांत उत्तर द्यायचं असतं, तीन महिने वाढवून मिळतात.

सरकारी शुल्क एवढंसं, खरा खर्च मसुदा लिहिणाऱ्याचा. दावे स्वतः लिहिण्याचा मोह टाळा. दावा हा कायद्याचा मजकूर असतो, शोधनिबंधाच्या निष्कर्षासारखा लिहिला तर शेजारचा कारखाना एक घटक बदलून सुटतो. मंजुरीनंतर तिसऱ्या वर्षापासूनचं नूतनीकरण शुल्क भरायला लागतं आणि ते कोण भरणार हे मंजुरीच्या दिवशी विचारून चालत नाही.

आणखी पाच सापळे. मोठी कंपनी सह-अर्जदार झाली तर शैक्षणिक सवलत जाते. परदेशी सहकारी ‘आम्ही आमच्याकडे आधी भरतो’ म्हणाले तर थांबवा. भारतात राहणाऱ्याने परदेशात आधी अर्ज करायला कलम ३९ ची परवानगी लागते, नाहीतर इथे अर्ज करून सहा आठवडे थांबायचं. वनस्पती, सूक्ष्मजीव, मधमाशा, काहीही भारतीय जैवसंपदा वापरली असेल तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पायरी पेटंट मंजुरीआधी पार करावी लागते. आजीच्या काढ्याचं नुसतं प्रमाण बदलून आणलेला अर्ज पारंपरिक ज्ञानाच्या कलमात, ३ (पी) मध्ये, अडकतो. आणि शोधक म्हणून फक्त ज्यांनी शोधात भर घातली त्यांचीच नावं घाला. विभागप्रमुखांचं नाव आदरापोटी आणि विद्यार्थिनीचं नाव विसरून, असं पेटंट पुढे वादात रद्द होऊ शकतं.

## ९. मालक कोण, वाटा किती

अमेरिकेत सरकारी पैशातल्या शोधाचे हक्क संस्थेला ठेवू देणारा बे-डोल कायदा १९८० पासून आहे. आपल्याकडे तसं विधेयक २००८ मध्ये संसदेत आलं, पण कायदा झाला नाही. त्यामुळे आधार आहे तो विज्ञान व तंत्रज्ञान मंत्रालयाच्या मार्च २००० च्या सूचनांचा आणि तुमच्या मंजुरीपत्रातल्या अटींचा. त्या सूचनांनुसार बौद्धिक संपदा अनुदान घेणाऱ्या संस्थेची. उत्पन्नही संस्थेचं. शोधकांचा वाटा संस्था ठरवते, पण प्रत्यक्ष उत्पन्नाच्या एक तृतीयांशाहून जास्त नाही. किमान २५ टक्के पेटंटखर्चाच्या निधीत टाकायचे. सरकारला स्वतःच्या वापरासाठी रॉयल्टीशिवाय परवाना राहतो, ही अट कंपनीशी बोलताना आधीच सांगा, करार झाल्यावर ती उघड झाली तर बोलणी फिसकटतात.

विद्यापीठाचं बौद्धिक संपदा धोरण मागून घ्या. व्यवस्थापन परिषदेने ते मंजूर केलेलं असेल तरच त्याला अर्थ, मसुदा उपयोगाचा नाही. धोरणच नसेल तर वाट्याची टक्केवारी पहिल्या पेटंटआधी लेखी ठरवून घ्या. पैसे दिसायला लागल्यावर ठरवणं फार अवघड जातं.

## १०. कंपनीला द्यायचं की स्वतः उभं राहायचं

२०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने नवोपक्रम आणि उद्योजकतेसाठी वेगळं मंडळ ठेवलं आहे, आधी तिथे जा. तिथे हालचाल नसेल तर दिल्लीचं एनआरडीसी (राष्ट्रीय संशोधन विकास महामंडळ), १९५३ पासून प्रयोगशाळेतलं तंत्रज्ञान उद्योगाला देण्याचं काम करणारं, आणि पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातलं व्हेंचर सेंटर, ज्याचं टेकएक्स हे तंत्रज्ञान हस्तांतर कार्यालय बाहेरच्या संस्थांनाही मदत करतं.

कंपनीला पहिल्या भेटीत काय दाखवायचं? परिणाम दाखवा, कृती दाखवू नका. नमुना द्यायचा असेल तर साहित्य हस्तांतर करार आधी, त्यात ‘विश्लेषण करून घटक शोधणार नाही’ हे कलम हवंच. परवान्याच्या करारात सुरुवातीची ठोक रक्कम, विक्रीवर रॉयल्टी, दर वर्षीची किमान रॉयल्टी आणि ठराविक काळात उत्पादन सुरू झालं नाही तर परवाना परत, हे चार मुद्दे असू द्या. चौथा नसेल तर एकाधिकार घेऊन तंत्रज्ञान कपाटात ठेवणाऱ्यांपासून सुटका नाही. करार पेटंट कार्यालयात नमुना १६ ने नोंदवा. सल्ला शुल्क घेत असाल तर त्यावर १८ टक्के जीएसटी आहे. ऑक्टोबर २०२४ पासूनची सूट संशोधन अनुदानाला आहे, सल्लागारीला नाही.

स्वतःची कंपनी काढायची तर आधी संस्थेची परवानगी, नंतर नोंदणी. २०१९ च्या राष्ट्रीय नवोपक्रम व स्टार्टअप धोरणात प्राध्यापकांना मुभा आहे आणि संस्थेने आधाराच्या बदल्यात २ ते ९.५ टक्के हिस्सा घ्यावा असं म्हटलं आहे. पण तुमच्या विद्यापीठाने ते धोरण स्वीकारलं असेल तरच. पैशाची चढती पायरी अशी: डीएसटीच्या निधी-प्रयास योजनेतून प्रतिकृतीसाठी दहा लाखांपर्यंत, जीवशास्त्रात बायरॅकचं (जैवतंत्रज्ञान उद्योगाला मदत करणारी सरकारी कंपनी) बिग अनुदान, १८ महिन्यांसाठी ५० लाखांपर्यंत, अर्ज दर वर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला उघडतात, स्टार्टअप इंडिया सीड फंडातून पडताळणीसाठी २० लाखांपर्यंत. शेवटच्यात कंपनी दोन वर्षांहून जुनी चालत नाही आणि आधी सरकारकडून दहा लाखांहून जास्त रोख मदत घेतलेली चालत नाही. म्हणून कोणता अर्ज आधी करायचा याचा विचार नोंदणीच्या आधी करा, कारण नोंदणीच्या तारखेपासून ती दोन वर्षं सुरू होतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये सुरू झालेल्या एक लाख कोटींच्या संशोधन-विकास निधीची चर्चा खूप आहे. तो प्रयोगशाळेला नाही, तंत्रज्ञान-सज्जतेच्या (तंत्रज्ञान कल्पनेपासून बाजारापर्यंत किती पोचलं ते मोजणाऱ्या नऊ पायऱ्यांच्या) चौथ्या किंवा त्यापुढच्या पायरीवरच्या खासगी कंपन्यांना स्वस्त, दीर्घ मुदतीचं भांडवल देण्यासाठी आहे.

पेटंट मंजूर झाल्यावर ते वापरात आहे की नाही याचं विवरण नमुना २७ मध्ये दर तीन आर्थिक वर्षांनी एकदा, सप्टेंबरअखेरपर्यंत भरायचं असतं. वापरात नसेल तरी भरायचं. तारीख दिनदर्शिकेवर तुम्हीच लिहून ठेवा, विद्यापीठाला ती आठवत नाही.